पिशाच्चाचं लग्न लावणाऱ्या बाई

जुन्या साडीच्या कापडात गुंडाळलेला कागदांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवायचा, त्यावर तळहात दाबून धरायचा आणि म्हणायचं, "बाकी काय बी बदला वैनी, शेवटाला हात लावायचा न्हाय." बाईंची नवी कादंबरी आमच्या छापखान्यात अशी दाखल व्हायची. मी हो म्हटल्याशिवाय हात उचलला जात नसे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या एका छोट्या प्रकाशकाकडे मी मुद्रितं तपासायची. पुढे दुकान, मागे छापखाना आणि मधल्या अरुंद खोलीत मी. गल्लोगल्ली वाचनालयं होती. दुपारची झाकपाक झाली की बायका भाजीच्या पिशवीत कादंबरी घालून बदलायला निघायच्या. कुणाला प्रेमकथा लागायच्या, कुणाला भुताच्या. बाईंच्या कादंबऱ्यांत दोन्ही असायचं, त्यामुळे त्या जागेवर कधी सापडत नसत.

बाई ठेंगण्या, सावळ्या, आवाज खणखणीत. मंगळवार पेठेत त्यांचा शिवणाचा क्लास होता. गळ्यातली मापाची टेप काढायची विसरून त्या तशाच रस्त्याने यायच्या. मूळच्या राधानगरीकडच्या. लग्न करून कोल्हापुरात आल्या आणि थोड्याच वर्षांत नवरा आजारपणात गेला. घरी त्या आणि सासू, दोघीच. बोलणं अस्सल. आमच्याकडच्या पुष्कळ बायकांसारखं त्याही स्वतःबद्दल "मी आलो, मी गेलो" असंच म्हणायच्या, आणि पहिल्यांदा ऐकणारा परगावचा माणूस इकडेतिकडे बघायचा.

तेव्हाच्या कादंबऱ्यांत एक ठरलेला प्रसंग असे, तुम्हीही वाचला असेल. साधीसुधी मुलगी एका रात्रीत केस मोकळे सोडते, चष्मा काढते आणि नायक पाहतच राहतो. बाईंना त्याचा राग होता. "चष्मा काढल्यावर तिला दिसायचं कसं? ज्याच्यासाठी नटली, त्योच दिसंना." त्यांच्या कादंबरीतल्या मुली चष्मा लावूनच प्रेमात पडायच्या. बदल व्हायचा तो वेगळ्याच ठिकाणी. कुणीतरी त्या मुलीला नीट मापाचं पोलकं शिवून द्यायचं, आणि आयुष्यभर खांदे पाडून चालणारी ती पोर ताठ उभी राहायची. "क्लासात रोज बगतो मी," बाई म्हणायच्या. "तोंडाला काय फासायची गरज न्हाय. बगलेत काचायचं थांबलं की बाई वर बगाया लागती."

मग एकदा थेटरात इंग्रजी भुताचा सिनेमा लागला. बाईंनी सासूला घेऊन तो पाहिला. दुसऱ्या दिवशी छापखान्यात आल्या त्या चिडूनच.

"एवढा चांगला माणूस मारला की वो शेवटाला. छातीत खुट्टा ठोकून."

"बाई, तो रक्त प्यायचा लोकांचं."

"मग? आपल्यात बकऱ्याचं रक्त शिजवून रक्ती खात न्हाईत काय? सागुतीच्या दुकानात आधी सांगून ठेवावी लागती."

आमचे मालक पलीकडे चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला.

बाईंनी त्याच आठवड्यात कादंबरी सुरू केली. नायक रक्त पिऊन जगणारा पिशाच्च, पण स्वभावाने गरीब. त्याला उन्हाचं वावडं, म्हणून बाईंनी त्याला गगनबावड्याच्या एका बंगल्यात ठेवला. तिकडे पावसाळाभर सूर्य कुणाला दिसतो? नायिका त्याच गावात शिवणकाम करणारी तरुण विधवा. दुपारी बाई लिहायच्या आणि संध्याकाळी सासूला वाचून दाखवायच्या. सासूला अक्षरओळख नव्हती, पण मतं भरपूर होती. "त्येला उपाशी ठिऊ नगंस," एवढंच त्यांचं म्हणणं.

अडचण तिथेच आली. कुणाला न मारता त्याने खायचं काय? बाई मला म्हणाल्या, "माणसाच्या अंगात रक्त असतंय तरी किती, बगून येऊ चला." आणि आम्ही दोघी सरकारी दवाखान्याच्या रक्तपेढीत गेलो.

तिथे रक्त तपासणारा एक उंच, किडकिडीत माणूस होता. चाळिशीचा, अविवाहित, नेसरीचा. पांढऱ्या कोटाची वरची गुंडी तुटलेली. कुणी काही विचारलं की आधी थोडा वेळ विचार करायचा आणि मग हळू आवाजात उत्तर द्यायचा.

बाईंनी विचारलं, "रक्त पिऊन माणूस जगंल काय?"

तो विचार करून म्हणाला, "उलटी होईल."

"आणि प्रेम असंल तर?"

त्याने पुन्हा विचार केला. "प्रेम असलं तरी होईल."

मला हसू आवरेना. पण बाई गंभीर होत्या आणि तोही गंभीर होता. त्याने आम्हाला शीतपेटी उघडून बाटल्या दाखवल्या. मुदत संपली की रक्त टाकून द्यावं लागतं, हे सांगताना त्याचा चेहरा उतरला. लोक रक्त द्यायला घाबरतात, सख्खे नातेवाईकसुद्धा जिन्यावरून परत जातात, असंही म्हणाला. बाईंनी तिथल्या तिथे बाही वर केली. "घ्या माजं. भ्यायासारखं काय हाय?" तो सुई लावत असताना त्या त्याच्या कोटाकडे बघत होत्या. उठल्यावर म्हणाल्या, "गुंडी लावून देतो, उद्या कोट पाठवा."

कोट पाठवायचा कुणाबरोबर? तो स्वतःच घेऊन गेला.

बाईंच्या पिशाच्चाला आता काम मिळालं. तो गाव सोडून शहरातल्या रक्तपेढीत रात्रपाळीचा पहारेकरी झाला आणि मुदत संपलेल्या बाटल्यांवर जगू लागला. शंका आली की बाई रक्तपेढीत जायच्या. शंका बऱ्याच यायला लागल्या. मध्येच क्लासातल्या मुलींनाही त्या रक्त द्यायला घेऊन गेल्या. मुली आधी रडल्या आणि नंतर केळी खात फिदीफिदी हसत बाहेर आल्या. त्या दिवशी तो माणूस मोठ्याने हसला, असं बाईंनी मला मुद्दाम सांगितलं.

कादंबरी पुरी झाली. शेवटी नायिका पिशाच्चाशी लग्न करते आणि सुखाने नांदते. मालकांनी ती वाचली आणि बाईंना बोलावून घेतलं. मालक सज्जन होते, पण घाबरट.

"बाई, भाषा झकास आहे. धुकं तर अंगावर येतं. पण हा शेवट नाही चालायचा. उन्हात त्याची राख होऊ द्या आणि तिला परत सासरी पाठवा."

"का?"

"वाचनालयवाले पुस्तकं परत पाठवतील. विधवा बाई, आणि लग्न लावताय पिशाच्चाशी."

बाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आलेला मी ऐकला. "तुमची अडचण कंची हाय मालक? त्यो पिशाच्च हाय ही, का ती विधवा हाय ही?"

मालकांनी चष्मा काढून पुसला. त्यांना खोटं बोलता येत नसे. "पिशाच्चाचं काही नाही," ते म्हणाले.

बाईंनी गठ्ठा कापडात बांधला आणि त्या निघून गेल्या. नंतर कित्येक दिवस आल्या नाहीत. मी क्लासात जाऊन पाहिलं, तर त्या मुलींवर उगाच खेकसत होत्या. मुली गेल्यावर मशीनवर हात ठेवून बसल्या. "लिहिताना काय वाटलं न्हाय वैनी. पण मालकांनी रक्त पिणाऱ्याला माफ केलं नि तिला न्हाय, तवा लागलं." मशीनवर झाकण घालत म्हणाल्या, "आता लिहीत न्हाय मी. पोलकी शिवतो तीच बरी."

"बाड कुठे आहे?"

"त्येंच्याकडं हाय. वाचाया मागितलं."

'त्येंच्याकडं' म्हणजे कुणाकडे, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात भर दुपारी तो माणूस तेच बाड काखेत घेऊन छापखान्यात आला. बाईंकडे जायचं होतं, पण एकट्याने क्लासात जायला संकोच वाटत होता. मी चपला घातल्या आणि त्याला घेऊन गेले. बाई टेबलावर कापड पसरून खडूने आखत होत्या. त्याने बाड समोर ठेवलं.

"छान आहे. एक चूक राहिली आहे."

"रक्ताची?"

"नाही, रक्ताचं सगळं बरोबर आहे. तो तिला विचारतच नाही. सरळ घरी घेऊन जातो. ती नाही म्हणाली तर?"

"ती न्हाय म्हणायची न्हाय."

"ते तुम्हाला माहीत आहे. त्याला कुठे माहीत आहे?"

बाईंचा खडू थांबला. त्यांनी मान वर केली नाही. "मग त्येनं इचारावं की."

त्याने टेबलावरचं बाड सरळ केलं. "माझी गडहिंग्लजला बदली झाली आहे," तो म्हणाला. "जवळच नेसरीत घर आहे. जुनं आहे, पण गळत नाही."

आपलं इथे काम नाही, हे माझ्या लक्षात आलं आणि मी उठले. बाई म्हणाल्या, "बसा वैनी. साक्षीला कोणतरी पायजे." म्हणून मी बसले. मग त्याने विचारलं. त्याचे शब्द मी इथे लिहीत नाही, ते त्या दोघांचे आहेत. बाईंचं उत्तर मात्र सांगते. "सासू माज्यासंगं येणार. ती येत नसंल तर मी बी न्हाय."

सासूने आधी बोलणंच टाकलं. चूल एक, भाकरी एक, पण शब्द नाही. बाई रोज संध्याकाळी शेजारी बसायच्या आणि वाचायला काही नाही म्हणून नुसत्याच बसायच्या. त्या दिवसांत त्या खूप वाळल्या. म्हातारी नाही म्हणाली असती तर बाईंनी तो विषय कायमचा मिटवला असता, याची मला खात्री आहे. शेवटी एके सकाळी म्हातारीनेच मला निरोप धाडला. "त्या माणसाला घिऊन ये."

तो आला, पाया पडला, सतरंजीच्या कडेला बसला. म्हातारीने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पावणं, मटण खाता काय?"

"नाही. अंडंसुद्धा नाही."

म्हातारी सुनेकडे वळली. "दिसभर रक्तात हात, नि मटण खात न्हाय. ह्यो तुज्या भुतापरास इचित्र हाय." मग पदर नीट केला आणि आवाज बदलून त्याला म्हणाली, "माज्या लेकाचा फोटू हाय. तिकडं लावू देशीला काय?"

त्याने या वेळी विचार करायला वेळ घेतला नाही. "बाहेरच्या खोलीत लावू. आल्या-आल्या दिसेल असा."

म्हातारीने डोळ्यांना पदर लावला आणि बाईंना चहा ठेवायला सांगितलं.

लग्न नोंदणी पद्धतीने झालं. आमचे मालक आले होते. बिचकत बिचकत पेढ्यांचा पुडा पुढे केला आणि म्हणाले, "ते बाड द्या. छापू या. जसं आहे तसं."

बाई म्हणाल्या, "जसं हाय तसं न्हाय. एक पान वाढवलंय." त्या पानावर पिशाच्च नायिकेला विचारतो. ती लगेच उत्तर देत नाही. आधी मशीनवरचं पोलकं पुरं करते. आमच्या छापखान्यात बाईंनी शेवट बदलला तो एवढाच, आणि माझ्या मते इतकं सुंदर पान त्यांनी दुसरं लिहिलं नाही.

चित्रकाराने मुखपृष्ठावर नायकाला हे एवढाले सुळे काढले. बाई ते बघून म्हणाल्या, "ह्येला आधी दाताच्या डॉक्टराकडं न्यायचा व्हता की." काही वाचनालयांनी पुस्तक खरंच परत पाठवलं. बाकीच्या वाचनालयांत मात्र त्याची पानं सुटेपर्यंत ते फिरलं. मोकळ्या कपाळाची एक बाई आमच्या दुकानात येऊन बराच वेळ ते चाळत उभी राहिली, तेव्हा मालक आतून हळूच मला म्हणाले, "बरं झालं छापलं."

गडहिंग्लजकडे गेल्यावर बाईंचं लिहिणं कमी झालं. वर्षं गेली. म्हातारी तिकडेच, सुनेच्या हातचं खाऊन गेली. ऐंशी सालानंतर कधीतरी एका लग्नासाठी मी त्या भागात गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून नेसरीला उतरले. घर सापडलं. ते गृहस्थ आता पिकल्या केसांचे झाले होते. त्यांनी स्वतः चहा केला. बाई घरी नव्हत्या. गावात एक पोरसवदा मुलगी विधवा होऊन माहेरी परत आली होती. तिला शिवण शिकायचं होतं आणि बाप घराबाहेर सोडायला तयार नव्हता. बाई त्या बापाशी बोलायला शेतावर गेल्या होत्या.

"कालही गेली होती," ते म्हणाले. "आज बहुतेक जमेल."

मला शेवटची एसटी गाठायची होती. थांबता आलं नाही. गाडी गावाबाहेर पडली आणि उसाच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावर मला बाई दिसल्या. थोड्या जाड झालेल्या, हातवारे करत बोलत चाललेल्या. मागून एक शेतकरी मान खाली घालून ऐकत येत होता. आणि बाईंच्या शेजारून, त्यांच्या पावलाशी पाऊल जुळवत, एक मुलगी चालली होती. मी खिडकीतून हाक मारली, पण ती इंजिनाच्या आवाजात बुडाली. बाईंनी बोलता बोलता त्या मुलीच्या खांद्यावरून हात फिरवला, वीतभर माप घेतलं आणि तिला काहीतरी सांगितलं. मुलगी हसली. मग गाडी वळली.