फलाट पाचवरून सुटलेला गोलकीपर

आमच्या बसस्टँडवर अशी अफवा होती की चौकशी खिडकीतली बाई आकडा लावते. नुसती लावत नाही, लोकांचा घेतेसुद्धा. पुरावे भरभक्कम होते. पेपरवाल्याने तिला पुटपुटताना स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, "के, सात, सात, डेपोचा डी, झिरो..." स्टँड झाडणाऱ्या मावशींनी तिला मोबाइलकडे बघून "आला गं बाई, आला!" म्हणत टेबलावर मूठ आपटताना पाहिलं होतं. आणि कॅन्टीनवाल्याचं तर ठाम मत होतं की दिवसभर काचेच्या खोक्यात बसून माणूस इतका खूश राहूच शकत नाही, पाणी कुठेतरी मुरतंय.

ती बाई माझी मामी. आकडा लावणं सोडाच, तिला साधी पत्त्यांतली लबाडीसुद्धा जमत नाही. हुकमाचं पान हातात आलं की तिच्या भुवया वर जातात. मामी मोबाइलवर फुटबॉल खेळते.

म्हणजे, 'खेळते' हा शब्दही जरा उदारच झाला. तिचा अंगठा पडद्यावर टेकला की खेळाडू एकीकडे पळतो, बॉल दुसरीकडे जातो आणि मामी तिसरीकडेच बघून ओरडते, "अरे तिकडे कुठे, तिकडे कुठे!" पण टीम तिची नाहीच. ती माझ्या मामेभावाची, दादाची. दादा शिकायला दुसऱ्या शहरात गेला. तिथल्या होस्टेलवर असला मोबाइल चालत नाही, फक्त बोलायचा साधा फोन. जाताना त्याने आईच्या हातात मोबाइल ठेवला आणि म्हणाला, "आई, माझी टीम सांभाळ." सांभाळ म्हणजे काय, तर रोज एकदा उघड, एखादी मॅच खेळ, वरच्या गटातून खाली घसरू देऊ नकोस. शेजारी गावाला गेले की आपण त्यांच्या कुंडीला पाणी घालतो, तेवढंच. मामीने त्या कुंडीला कुंपण घातलं, खत घातलं आणि रोज सकाळी पानांवरची धूळही पुसायला लागली.

हे खत म्हणजे कोड. ती गेमची कंपनी अधूनमधून बक्षिसाचे कोड सोडते. अक्षरं आणि आकड्यांची खिचडी. गेममध्ये त्यासाठी एक चौकोन असतो, त्यात ती खिचडी जशीच्या तशी भरायची, बटण दाबायचं, की गेमच्या टपालपेटीत भेट येऊन पडते. कधी नाणी, कधी बूट, नशीब जोरावर असेल तर एखादा खेळाडू. कोड लवकर शिळा होतो, म्हणून मामी दुधावर ठेवावी तशी त्याच्यावर नजर ठेवून असायची. बाकीचे लोक कोड कॉपी करून चिकटवतात. मामी नाही. मामी तो मोठ्याने वाचते आणि मग एकेक अक्षर टाकते. तिचं म्हणणं, जे वाचलं नाही ते खरं नाही. इतकी वर्षं बसगाड्यांची घोषणा करून तिची वर्णमालाच वेगळी झाली आहे. के कंडक्टरचा. डी डेपोचा. ओ आणि झिरोमध्ये सगळं जग फसतं, पण मामी फसत नाही. "ओव्हरटाइमचा ओ," ती म्हणते, "आणि रिकाम्या बसचा झिरो."

कोडांवर कोड टाकून तिने टीम चांगली धष्टपुष्ट केली होती. एकच दुखणं होतं, गोलकीपर. त्याचं नाव मामीने 'जावई' ठेवलं होतं.

"नुसता उभा असतो बघ," ती म्हणायची. "बॉल आला की बघतो. समोरून गेला की मागे वळून बघतो. कोणीतरी तबकातून आणून हातात द्यावा, अशी अपेक्षा."

या जावयाच्या कृपेने टीम घसरत घसरत वरच्या गटाच्या शेवटच्या पायरीवर आली. रविवारी हंगामाची शेवटची मॅच. हरलो तर खालच्या गटात. आणि शनिवारी दादा सुट्टीला घरी येणार.

"पोराने फळीवर नीट ठेवून दिलेली वस्तू," मामी म्हणाली, "मी फोडून परत देऊ?" आणि त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

आता त्या गुरुवारबद्दल. शाळा सुटल्यावर मामीचा डबा पोचवायला मी स्टँडवर गेले. मामीचं केबिन एवढंसं आहे, की पाहुणा आत आला की हवेने बाहेर जावं. समोर काच, काचेला अर्धचंद्रासारखं भोक, टेबलावर माइक. माइकचं बटण डावीकडे. उजव्या हातात वेळापत्रक असतं, म्हणून बटण दाबायचं ते डाव्या कोपराने. ही तिची पक्की सवय. काही वाचायचं दिसलं की कोपर आपोआप बटणावर.

मी गेले तेव्हा तिची घोषणा चालू होती. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. बंदराकडे जाणारी बस फलाट क्रमांक पाचवरून थोड्याच वेळात सुटेल." मग तेच पुन्हा एकदा, त्याच चालीत, 'सुटेल'मधला 'टे' रबरासारखा ताणून. शेवटचा 'ल' हवेत विरतो न विरतो तोच भोकाशी एक चेहरा आला. ही किती-वाजता-आजी. कापडी पिशवी, विणकामाच्या सुया, आणि रोज एकच प्रश्न.

"अगं बाई, बंदराची बस किती वाजता?"

"आजी, आत्ताच सांगितलं ना. दोनदा. फलाट पाच, थोड्याच वेळात."

"हो का? बरं." आणि आजी गेल्या.

आता यावर मी गप्प बसेन तर मी कसली? नाक चिमटीत धरून मी सुरू केलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष देऊ नये. लक्ष न देणाऱ्यांसाठी हीच घोषणा दुसऱ्यांदा सुटेऽऽल."

मामी हसली. माझ्या नकलेला सगळ्यात आधी हसते ती तीच. मग मी म्हटलं, "खरं सांगू मामी? तुझं कोणी ऐकत नाही. पालथ्या घड्यावर पाणी."

हसू थांबलं. "ऐकतात."

"कोण ऐकतं? दाखव एक माणूस."

"पोपटा, जीभ उचलून टाळ्याला लावू नकोस. लाव पैज."

"लावली!"

"हरलीस तर महिनाभर माझी नक्कल बंद. घरात नाही, शाळेत नाही, पाहुण्यांसमोर तर नाहीच नाही."

"आणि मी जिंकले तर?"

"तर या माइकवरून सगळ्या स्टँडला सांगेन, की माझी भाची माझ्यापेक्षा छान बोलते."

मी जोरात टाळी दिली. असली पैज म्हणजे पिकलेला आंबा स्वतःहून ओंजळीत पडावा तशी.

एवढ्यात मामीचा मोबाइल टुणकन वाजला. मागच्या आठवड्यात टीम चक्क जिंकत असताना गेम अडकला होता, त्याची तिने कंपनीकडे तक्रार केली होती. त्याचं उत्तर आलं होतं. मामीने पहिली ओळ वाचली आणि ती खुर्चीत ताठ झाली.

"अगं, हे म्हणतात, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत! मला! आजपर्यंत सगळ्यांची दिलगिरी मीच व्यक्त करत आले गं. मला कोणी म्हणालंच नव्हतं."

खाली लिहिलं होतं, भरपाई म्हणून हा खास कोड. यातून अव्वल दर्जाचा गोलकीपर मिळेल. कोड फक्त एकदाच चालेल, जो आधी टाकेल त्याचा.

"गोलकीपर," मामी इतकंच म्हणाली. मग तिने चष्मा नाकावर चढवला, घसा खाकरला. वाचायचं समोर होतं. कोपर गेलं.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे."

मला वाटलं, कुठली तरी बस असेल.

"डेपोचा डी. नऊ. कंडक्टरचा के. रिकाम्या बसचा झिरो..." आठही फलाटांवर, कॅन्टीनमध्ये, पार सायकल स्टँडपर्यंत, टिपेच्या खणखणीत आवाजात अख्खा कोड गेला. मी हातवारे करत होते, मामीला वाटलं माशी हाकलतेय. आणि एकदा सांगून थांबेल ती मामी कसली! श्वास घेतला आणि तोच कोड, त्याच चालीत, दुसऱ्यांदा.

"मामी, बटण!"

तिने कोपराकडे बघितलं. चटका बसल्यासारखं कोपर उचललं. मग घाईघाईने कोड गेममध्ये टाकायला घेतला. दोनदा बोट घसरलं. तिसऱ्यांदा सगळं बरोबर बसलं, बटण दाबलं, आणि पडद्यावर अक्षरं आली, 'हा कोड आधीच वापरला गेला आहे.'

मी मामीकडे बघायचंच टाळलं. वेळापत्रकाकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं. रविवार, दादा, जावई, सगळं डोळ्यांपुढून गेलं. ती आता रडेल, असं वाटून मी डब्याचा रुमाल पुढे केला.

"कार्टे," मामी हळूच म्हणाली, "आधीच वापरला गेलाय, म्हणजे काय झालं कळलं का तुला?"

"काय?"

"कोणीतरी ऐकलं!"

तेवढ्यात भोकाशी कंडक्टर. "मॅडम, तुमचा कोड चालत नाही हो. वापरलाय म्हणतो." त्याच्या मागे कॉलेजच्या दोन मुली, "काकू, तो चौथा आकडा नक्की झिरोच ना?" त्यांच्या मागे कॅन्टीनवाला, हाताला पीठ, पिठाच्या हातात मोबाइल. "मी तर पहिल्याच झटक्यात टाकला, तरी नाही! दुसरा आहे का?" आणि सगळ्यात शेवटी आपला पेपरवाला. तो सगळ्यात नाराज. "मला वाटलं आकडा फुटला," म्हणाला. "मी ते कुठे लावायचं म्हणून विचारायला आलो."

चौकशी खिडकीला रांग लागली! म्हणजे तोच गेम निम्मा स्टँड खेळत होता, आणि कोड कानावर पडताच ओळखत होता. मी आ वासून बघत होते. मामी एकेकाला "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" म्हणत होती, पण तोंडावर दिलगिरीचा लवलेश नाही. नव्या नवरीसारखी फुलली होती.

मी शेवटचा हात मारून पाहिला. "मामी, हे मोजायचं नाही. यांनी कोड ऐकला. बसचं कुठे ऐकतात?"

"माइक तोच, बाई तीच. पैज ऐकण्याची होती, कशाची ते नव्हतं ठरलं."

मग तिने पुन्हा कोपर टेकवलं, आता मुद्दाम. "ज्या प्रवाशाने आमचा गोलकीपर नेला असेल, त्याने कृपया चौकशी खिडकीशी संपर्क साधावा. कोणी रागावणार नाही."

थोडा वेळ कोणी आलं नाही. मग बंदराच्या बसच्या पायरीवरून कोणीतरी उतरलं आणि पिशवी सांभाळत हळूहळू खिडकीशी आलं.

"तुमचा होता होय तो?" किती-वाजता-आजी म्हणाल्या. "छान आहे हो पोरगा. लांब हातांचा."

मामीचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. "आजी, तुम्ही?"

"मी आणि माझी नात मिळून टीम चालवतो. ती बंदरावर राहते ना. रोज तिच्याकडेच तर जाते. तुम्ही बोललात, मी तिथेच टाकला. तुमचं बोलणं अगदी स्पष्ट असतं हो."

"मग मला रोज बसचं कशाला विचारता?" मामी जवळजवळ किंचाळलीच.

"अहो, ऐकू येतं मला. पण विचारल्याशिवाय निघाल्यासारखं वाटत नाही."

मामीने चष्मा परत वर ढकलला. गोलकीपर परत करता येत नाही म्हटल्यावर आजींना वाईट वाटलं. पण कॉलेजच्या मुलींपैकी एकीने सांगितलं, की गेममध्ये मैत्री जोडली तर एका मॅचपुरता खेळाडू उसना देता येतो. तिथेच, काचेच्या भोकातून मोबाइल आत-बाहेर करत मैत्री जोडली गेली. बंदराची बस त्या दिवशी उशिरा सुटली, आणि ड्रायव्हरने हॉर्नही वाजवला नाही. तोही बघत उभा होता.

शनिवारी दादा आला. बॅग खाली ठेवायच्या आधी त्याने टीम उघडली. "आई, आपला गोलकीपर कुठाय?"

"जावई ना? बाकावर बसवलाय. मानपान चालू आहे."

रविवारी जेवणं झाल्यावर दादाने मोबाइल आईपुढेच सरकवला. "इतके दिवस तू ओढलंस, शेवटचंही तूच कर." मामीने पदर खोचला आणि सुरू झाली, खेळायला आणि बोलायलाही. "डावीकडून येणारा खेळाडू... थोड्याच वेळात... अरे, थांब म्हटलं ना!" उसन्या पोराने लांब हात करून एक अडवला, दुसरा अडवला, तिसरा तर पायाने. दर वेळी मामी पडद्याला "शाबास रे बाळा" म्हणायची. आणि अगदी शेवटी तिला मागे पास द्यायचा होता, अंगठा घसरला, बॉल उडाला, आणि समोरच्या जाळ्यात जाऊन बसला. दादाने आईला खुर्चीसकट उचललं. टीम वरच्या गटात राहिली. मामीने सगळ्यात आधी आजींना फोन लावला, आणि पलीकडून फोनभर नातीचा आरडाओरडा ऐकू आला.

सोमवारी मी पुन्हा डबा घेऊन गेले. स्टँडवर सगळ्यांना पैजेचं कळलं होतं, मामीच्या तोंडात तीळ भिजत नाही. कॅन्टीनवाला म्हणाला, "काय पोपट, एकदा मामी करून दाखव की." पेपरवाला म्हणाला, "नुसतं 'सुटेल' तरी म्हण." मी ओठ गच्च मिटून पुढे गेले. केबिनमध्ये डबा ठेवला, तोच भोकाशी आजी आल्या. मामीने मुद्दाम तोंड फिरवून पाण्याची बाटली शोधायला घेतली.

"अगं पोरी, बंदराची बस किती वाजता?"

तो 'टे' माझ्या जिभेवर येऊन थरथरत उभा होता. मी गिळला, आणि बोटाने पाचवा फलाट दाखवला.