शेजारणीच्या बेसमेंटमधलं ट्रेडल

शेजारणीच्या मुलाची कॉलर मी धरली तेव्हा त्याच्या हातात घण होता. साठी ओलांडलेल्या दोन माणसांनी असं हातघाईवर येणं शोभत नाही, पण माझं डोकं फिरलं की फिरतं. त्याने मला ढकललं, माझी पाठ लोखंडावर आदळली. मी त्याच्या पोटात कोपर हाणलं. तो जिन्याच्या पायरीवर कळवळत बसला.

भांडण होतं ते ट्रेडलवरून, म्हणजे पायाने चालवायच्या जुन्या छपाईयंत्रावरून. कॅनडात एडमंटनमधल्या आमच्या या पंच्याऐंशीच्या शेजारीणबाई. त्यांचे वडील त्यावर स्वीडिश साप्ताहिक छापायचे. आसपासच्या स्वीडिश शेतकऱ्यांच्या घरोघरी ते जायचं. त्यात मायदेशाच्या बातम्या, लग्नं, पिकांचे भाव. पुढे मुलं इंग्रजी शाळांत गेली, वाचक म्हातारे झाले, आणि अंकात मृत्यूच्या बातम्याच जास्त उरल्या. आमच्या मंडळाचा मराठी दिवाळी अंक मी काढतो, त्यामुळे ते यंत्र मला आपलंच वाटलं. दसऱ्याला मी खाली जाऊन ट्रेडलला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. बाई जिन्यावरच थांबल्या. मला वाटलं, गहिवरल्या. घरी बायकोने मात्र माझी वेगळीच आरती केली. “अहो, लोकांच्या बेसमेंटमध्ये कसली लुडबुड करता? आधी आपल्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करा!”

आता घर विकून बाई वृद्धाश्रमात निघाल्या होत्या आणि मुलगा ते यंत्र फोडायला उठला होता. “आईच्या आठवणी फोडतोस, नालायका?” मी चक्क मराठीत ओरडलो.

“त्याला काही बोलू नकोस,” बाई जिन्यावरून इंग्रजीत म्हणाल्या. “मीच सांगितलंय फोडायला.”

कठडा धरून त्या खाली आल्या आणि उभ्यानेच बोलू लागल्या. शाळेतून आल्या की बाप त्यांना खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायला बसवायचा. एक खिळा उलटा बसला की लोखंडी पट्टी बोटांवर. वाचक घटत गेले तसा मार वाढत गेला. एखादा वर्गणीदार मेला की त्याचा राग मायलेकींवर निघायचा. एकदा त्याने लेकीचा हात ट्रेडलच्या कागद दाबणाऱ्या जबड्यात धरला आणि पायाखालचं पेडल दाबलं. बाईंनी वाकडी झालेली दोन बोटं माझ्यासमोर धरली. रक्त लागलेले अंकही त्याने तसेच टपालात टाकले. एकाही वाचकाने काही विचारलं नाही.

मला शरम वाटली, आणि त्याहून जास्त संताप आला.

बाईंनी घण उचलायचा प्रयत्न केला. तो जमिनीवरून हलेना. मुलगा अजून पोट धरून बसलेला. त्यांनी दांडा माझ्याकडे केला. “मला उचलवत नाही. तू मार.”

पहिल्या घावाला नुसताच दणका बसला. दुसऱ्याला बिडाचं चाक तडकलं.

“अजून,” बाई म्हणाल्या.

मी कधी न पाहिलेल्या त्या बापाला मारत होतो. जबडा तुटून खाली पडला, मुलगा “पुरे, पुरे” ओरडू लागला, आणि बाई मात्र प्रत्येक घावाला म्हणत राहिल्या, “अजून.”