स्वतः लिहिलेली आणि लोकांनी लिहिलेली

भाऊ लातूरला डॉक्टर व्हायला, नीटच्या क्लासला गेला होता. नांदेडला घरी आलं ते त्याच्या खोलीवरचं सामान: गादी, कूलर आणि पुस्तकांचं एक पोतं. चाकूरच्या अलीकडे ट्रकनं त्याची मोटारसायकल उडवली होती. पोत्यात फिजिक्सचं एक पुस्तक असेल तर शपथ. सगळी अमेरिकेतल्या रॅपरांची इंग्रजी चरित्रं नि आत्मचरित्रं. मला त्याचा राग आला. दुसरं काहीच आलं नाही.

तेरावं झालं आणि मी कामावर जायला लागले. लोक म्हणायचे, पोरगी धीराची आहे. धीर कसला, बधिर झाले होते. भाजी अळणी आहे की खारट, तेही कळायचं नाही. मायनं तर जेवणच टाकलं होतं. दोन घास खा म्हटलं, की भिंतीकडे तोंड फिरवायची. दिवसेंदिवस वाळत चालली होती. ही पण जाणार, असं मला वाटायचं, आणि त्याचंही काही वाटायचं नाही.

एका रविवारी मी त्यातलं एक पुस्तक उघडून बसले होते.

"काय वाचून राहिली?"

"तुह्या लेकाचं पुस्तक."

"मोठ्यानं वाच की मंग."

मी मराठीत सांगत गेले. पुस्तकातला पोरगा शाळा बुडवून कोपऱ्यावर यमकं जुळवायचा, आणि आई खिडकीतून शिव्या घालायची. "आपलाच हाय की ह्यो," माय म्हणाली. ऐकता ऐकता तिनं वरणभात संपवला.

मग तेच सुरू झालं. ताट वाढायचं आणि पुस्तक उघडायचं. पोलीस, तुरुंग, पहिली कॅसेट, गळ्यात सोन्याच्या साखळ्या. "बाप्यानं येवढं सोनं घालावं का?" म्हणून ती हसायची. मी हसल्यासारखं करायचे.

हळूहळू तिनं एक नियम काढला. नवं पुस्तक घेतलं की आधी विचारायची, "ह्यानं सोता लिवलंय का लोकांनी?" स्वतः लिहिलेलं असलं, तर माणूस वाचला. लोकांनी लिहिलेलं असलं, तर गेला. एरवी हे खरं नसतं, पण त्या पोत्यात खरं होतं. मी स्वतः लिहिलेलीच आधी घेतली.

शेवटी एकच उरलं, लोकांनी लिहिलेलं. पुस्तकं संपली म्हणून सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी ताट तसंच राहिलं. मुकाट ते काढलं.

"सोता लिवलंय का?"

"हाव."

पुस्तकात त्याला भर रस्त्यात गोळ्या घातल्या होत्या. मी त्याला दवाखान्यातून घरी आणलं, त्याचं लग्न लावलं, दोन पोरं दिली. बिनदिक्कत ठोकून दिलं.

मायचा हात ताटातच थांबला. "मेला ना त्यो? खरं सांग."

"हाव."

"मंग त्याच्या मायनं पुढं काय केलं, ते वाच."

मी पानं चाळली. अंत्ययात्रा होती, गर्दी होती, मागे त्याच्या गाण्यांची यादी होती. त्याची आई कबरीपाशी उभी होती, आणि तिथून पुढे तिच्याबद्दल एक ओळ नव्हती.

"ती घरी आली," मी म्हणाले, "आन् जेवली."

"कशी जेवली?" मायनं विचारलं.