मष्णूचा फळा आणि साहेबाचा बोर्ड

मष्णूला राग यायला कारण लागत नाही, असं त्याची बायको मंगल सांगते. हे खोटं आहे. कारण लागतं. फक्त ते या सीमाभागात जाईल तिथं सापडतं. बसच्या नुसत्या कानडी पाटीवर सापडतं, जमिनीच्या उताऱ्यावर सापडतं, लाइट बिलावर तर अगदी मथळ्यापासून सापडतं. कानडी मष्णूला येत नाही असं कुणी समजू नये. बाजारात तो कानडीत असा भांडतो की कानडी माणूस दोन पावलं मागं सरतो. त्याचा राग भाषेवर नाही, दांडगाईवर आहे. आणि हा फरक समजावून सांगता सांगताच त्याला पुन्हा राग येतो.

बेळगावहून येळ्ळूर रस्त्याला आत वळलं की आमचं गाव, आणि गावाच्या चौकात मंडळाचा फळा. सागवानी फळ्या जोडून काळा रंग दिलेला, लोखंडी पायांवर उभा. उद्यमबागेत फाउंड्रीत पहिल्या पाळीला जायच्या आधी मष्णू रोज तो पुसतो आणि लिहितो. कुणाच्या पोरीला नोकरी लागली, सोसायटीत खत कधी येणार, मोर्चा कुठून निघणार, कोण वारलं, रक्षाविसर्जन कधी. मष्णू दहावी नापास आहे, पण अक्षर असं की बेळगावचे पेंटर थांबून बघतात. त्यात कुणी एक काना जरी आपल्या हातानं घातला तर दिवसभर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो.

मोबाईल आले, गावाचा ग्रुप झाला, तरी फळा हलला नाही. त्याला कारण आहे. ग्रुपवर मंडळाचा अध्यक्ष भावकू, त्याच्या चुलत्याला एकदा जिवंतपणीच श्रद्धांजली वाहून झाली होती. हात जोडलेली चित्रं येऊन पडत होती आणि चुलता गोठ्यात धार काढत बसलेला. तेव्हापासून गावाची रीत पडली. मोबाईलवर काहीही येवो, बस धरायला जाताना फळ्याकडं बघायचं. फळ्यावर आहे म्हणजे खरं. फळ्यावर नाही म्हणजे उगाच कुणीतरी उठवलेलं.

फळ्याची सगळ्यात मोठी गिऱ्हाईक अक्काताई. वय झालेलं, सीमासत्याग्रहात एकदा तुरुंग बघून आलेली, आणि अक्षरओळख शून्य. रोज सकाळी काठी टेकत यायची आणि मष्णूच्या पाठीमागं उभी राहायची.

"आज कोण गेलं रं?"

"कोण न्हाय आक्का. सगळी हाईत."

"मग काय लिवालास एवढं?"

"खत यायचंय, ते लिवालोय."

"खताला पांढरा खडू बास झाला. पिवळा जपून ठेव. माझं नाव पिवळ्यानं लिवायचं. आणि ठळक."

"आधी मर तर खरी," मष्णू म्हणायचा, आणि म्हातारी हसत हसत निघून जायची.

तर असल्या या फळ्यापाशी एका गुरुवारी तालुक्याहून एक नवा साहेब आला. दुकानांच्या पाट्यांच्या नियमाचा कागद हातात. वरचा मोठा भाग कन्नडमध्ये पाहिजे, खाली काय ते तुमचं. दुकानं बघत बघत तो चौकात आला आणि फळ्यापुढं थांबला.

मष्णू नुकताच पाळीवरून आला होता. त्यानं आधी शांतपणे सांगितलं, म्हणजे त्याच्या मानानं शांतपणे. "साहेब, हे दुकान न्हवं. हितं काय विकत न्हाय. ह्यो गावचा फळा हाय."

साहेबानं चष्म्यातून वर बघितलं. "बोर्ड अंद्रे बोर्ड, री," म्हणाला. बोर्ड म्हणजे बोर्ड. "सोमवारी येतो. वर कन्नड दिसलं नाही तर उचलून नेणार."

फळा उचलून नेणार हे मष्णूनं कसंबसं गिळलं असतं. अशा धमक्या ऐकण्यात त्याचा जन्म गेला आहे. पण 'बोर्ड म्हणजे बोर्ड' हे त्याच्या घशात अडकलं. घरी येऊन ताटावर बसला तरी तेच.

"बोर्ड म्हणजे बोर्ड म्हणं! अगं, दहावीला मला नापास केलं ते बोर्ड. वीज घालवतं ते बोर्ड. कोल्हापुरात आमटीचं पाणी पाजलं ते बोर्डिंग. कॅरमचा बोर्ड, बटणांचा बोर्ड, फाउंड्रीत साचा ठेवतो तो बी बोर्ड. हे सगळं एकच हाय व्हय?"

"मला काय म्हाईत," मंगल म्हणाली. "भाकरी घेतासा काय अजून?"

"एका इंग्लिश शब्दावर आमचा फळा नेणार. तो शब्द तरी काय हाय ते बघतोच आता."

शनिवारी पाळी सुटल्यावर मष्णू टिळकवाडीत मार्तंडराव वकिलांकडं गेला. मार्तंडराव म्हणजे बेळगावातलं जुनं घराणं, गडी सरळ, पण बोलायला लागला की मूळ मुद्दा गोव्याला जाऊन येतो. त्यांनी कपाटातून विटेएवढा इंग्रजी कोश काढला आणि चहा सांगितला.

"हं. बोर्ड. मूळ अर्थ फळी. लाकडाची फळी."

"झालं की मग! आमचा बी फळाच हाय."

"थांबा हो. फळीचं झालं टेबल. टेबलावर जेवण मांडतात, म्हणून बोर्ड म्हणजे जेवण. तुमचं ते कोल्हापूरचं बोर्डिंग त्यातनं आलं."

"तिथं टेबल नव्हतं. भुईवर बसवत होते."

"असू दे. पुढं त्याच टेबलाभोवती चार शहाणी माणसं निर्णय घ्यायला बसली, त्यांना बोर्ड म्हणायला लागले. परीक्षेचं बोर्ड, विजेचं बोर्ड."

मष्णूनं कप खाली ठेवला. "म्हणजे आधी जेवले आणि मग आम्हाला नापास केले?"

मार्तंडरावांना त्यात गंमत वाटली नाही. ते रंगात आले होते. "जहाजाच्या कडेलाही बोर्डच म्हणत. त्या कडेवरून जहाजात चढायचं. म्हणून सांबऱ्याला विमानात चढतात तेही बोर्डिंग. आणि ही पुढची गंमत ऐका. कडेचा तो शब्द फ्रेंचांकडं गेला, तिकडं काठ, किनार असा अर्थ घेऊन राहिला, आणि इंग्रजीत परत आला. काय होऊन आला असेल?"

"काय?"

"बॉर्डर."

मष्णूनं कपाळावर हात मारला. आयुष्यभर ज्या दोन गोष्टींनी डोक्याचं भुस्कट केलं, त्या एकाच घरच्या निघाव्यात? सीमेवर मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, आणि आता फळ्यावर साहेब येऊन बसला, तर तोही त्याच भावकीतला!

"काहींच्या मते फळीचा आणि कडेचा हे मुळात दोन वेगळे शब्द," मार्तंडराव कोशात बोट घालून म्हणाले. "शेजारी राहून राहून एकमेकांत मिसळले. आता कुठला कोणता ते नक्की सांगता येत नाही."

"आमच्या गल्लीवानी," मष्णू पुटपुटला. मग एकदम उठून उभा राहिला. "वकीलसाहेब, हे सगळं मला मराठीत लिवून द्या. साहेबाच्या तोंडावर मारतो."

"अहो, याचा काही उपयोग नाही. तो म्हणेल छान माहिती आहे, आणि फळा घेऊन जाईल."

पण मष्णूला उपयोग दिसत होता. राग आला की त्याला सगळीकडं उपयोग दिसतो.

रविवारी सकाळी त्यानं फळा धुतला आणि ऑइलपेंटचे डबे उघडले. खडूनं लिहिलं तर साहेबाचा माणूस ओल्या फडक्यानं पुसून टाकील. रंगानं लिहिलं तर कुणाच्या बापाला पुसता येणार नाही. वर पांढऱ्या रंगात, हातभर उंच: 'हा बोर्ड नव्हे'. खाली पिवळ्या रंगात फळी, टेबल, जेवण, सभा, जहाज, काठ, सीमा. सगळी वंशावळ, बाणांसकट. रिकामी जागा म्हणून राहिली नाही. बघायला माणसं जमली. भावकू पाठीमागं हात बांधून उभा होता.

"मष्ण्या, शाळा काढालास काय रं इंग्लिशची?"

"गप बस. तुला कळायचं न्हाय."

"मला न्हाय कळलं तर ऱ्हाऊ दे. पर उद्याची बातमी कुठं लिवायची, ते तरी सांगशील?"

"एक दिस बातमी न्हाय आली तर गाव मरत न्हाय!" मष्णू खेकसला आणि 'जहाज'च्या 'ज'ला शेपूट काढायला वळला.

अक्काताई संध्याकाळी आली. फळ्याकडं बघत उभी राहिली. "लई झ्याक दिसतंय. काय लिवलंयस?"

"साहेबाला उत्तर दिलंय आक्का."

"पिवळा संपवलास की सगळा," एवढंच म्हणाली आणि गेली.

सोमवारी उजाडता उजाडता अक्काताई वारली. झोपेतच. सून उठवायला गेली तर अंग गार.

भावकूनं ग्रुपवर टाकलं. मष्णूनं साहेबासाठी रजा काढलीच होती. तो खिशात पिवळ्या खडूची अख्खी कांडी घेऊन चौकात धावला. फळ्यापुढं उभा राहिला. कुठं लिहायचं? दोन ओळींमधल्या फटीत खडू टेकवून बघितला. रंग गुळगुळीत, खडू नुसता घसरला. जोर दिला तर मोडला. समोरून बस धरायला माणसं चालली होती. मोबाईलवर बातमी बघितलेली माणसं. रीतीप्रमाणं त्यांनी मान वळवून फळ्याकडं बघितलं. फळ्यावर जहाज होतं, टेबल होतं, सीमा होती. अक्काताई नव्हती.

"ग्रुपवर आलतं, पर फळ्यावर काय न्हाय," एकजण दुसऱ्याला म्हणाला. "काल सांजच्याला तर बघितलीय म्हातारीला."

"अरं खरं हाय! गेली ती!" मष्णू ओरडत धावला. तोवर बसनं वळण घेतलं होतं.

मग तो दारोदार हिंडला, पण कामावरची माणसं कधीच निघून गेली होती. जिनं गावातल्या एकूण एक मयतीची बातमी फळ्यापाशी उभं राहून ऐकली, तिच्या मयतीला खांदा बदलायला पुरेशी माणसं नव्हती. मष्णूनं घरापासून स्मशानापर्यंत खांदा दिला आणि सोडला नाही. भावकू दुसऱ्या बाजूला होता. तो एक शब्द बोलला नाही. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर मष्णूला बरं वाटलं असतं.

परत येतात तर चौकात जीप. साहेब फळ्यापुढं उभा राहून मोबाईलवर फोटो काढत होता, आणि चेहऱ्यावर चक्क समाधान.

"आता कसं!" साहेब म्हणाला. "आता पक्का बोर्ड झाला. ऑइलपेंट, कायमचा. त्या दिवशी मलाही जरा शंका होती, खडूचं काम होतं म्हणून. आता शंका नाही. फक्त वरचा भाग पुसून कन्नड घाला."

साहेबाला मारावं की स्वतःला, हे मष्णूला ठरवता येईना. अख्खा कोश उलथापालथा करून, फ्रान्सपर्यंत जाऊन, त्यानं साहेबाचंच खरं करून दिलं होतं. आणि शंका होती म्हणतो! खडूमुळं शंका होती! मार्तंडरावाच्या विटेएवढ्या पुस्तकात जे नव्हतं, ते रोज सकाळी त्याच्या हातात होतं, ओलं फडकं!

तो घरी गेला. पत्र्याची खरवडणी, टर्पेंटाइन, पॉलिश पेपर घेऊन आला आणि वरच्या 'हा बोर्ड नव्हे'पासून खरवडायला लागला.

"एय, काय करताय?" जीपमध्ये बसून लिहिणारा साहेब खाली उतरला.

"पुसालोय."

"मी फोटो काढलाय! पंचनामा लिहितोय मी या बोर्डाचा!"

"लिवा की. फोटोतला बोर्ड न्या खुशाल. ह्यो फळा हाय. ह्याच्यावर आजचं उद्या राहत न्हाय. माझं न्हाय राहत, तुमचं बी न्हाय राहणार."

भावकू पुढं आला आणि दुसऱ्या टोकाकडून घासायला लागला. "हात्तीच्या, जोर लाव की," म्हणाला. सकाळपासून त्याचं हे पहिलं वाक्य.

साहेब चहाच्या टपरीवर जाऊन बसला. लिहिलेला कागद त्यानं दोनदा वाचला, समोर बघितलं, पुन्हा वाचला. ज्या बोर्डाचं वर्णन लिहिलं, तो डोळ्यादेखत भुकटी होऊन खाली पडत होता. दुपारी फळ्याला पहिल्यासारखा खरबरीत काळा रंग लागला, उन्हात सुकला, आणि मष्णूनं पिवळा खडू काढला. एवढं घासूनही अक्षर बिघडलं नाही. अक्काताईचं नाव, ठळक. खाली रक्षाविसर्जन बुधवारी सकाळी.

साहेब जवळ आला. "यारु तीरिहोदरु?" हलकेच विचारलं. कोण वारलं?

मष्णूनं कानडीतच सांगितलं. आमची म्हातारी. मग मराठीत जोडलं, "आणि तिच्या मयतीला माणसं आली न्हाईत, ते माझ्या अकलेमुळं आणि थोडं तुमच्या."

साहेब जीपमध्ये बसला. पुन्हा येतो, असं म्हणाला. येईलच. ही माणसं परत येतातच, आणि मष्णूही कुठं जाणार नाही.

मंगळवारी सकाळी मष्णू फळ्यापुढं ओलं फडकं घेऊन उभा राहिला. हात वर जाईना. मंगल पाण्याची घागर घेऊन नळाकडं चालली होती, ती थांबली.

"पुसणार न्हाईसा व्हय?"

"रक्षाविसर्जन उद्या हाय. ते ठेवाय पायजे."

"ते तेवढं परत लिवा की. काल तर साहेबाला सांगत होतासा, आजचं उद्या राहत न्हाय म्हणून. साऱ्या चौकानं ऐकलंय."

मष्णूनं तिच्याकडं असं बघितलं की दुसरी कुणी असती तर घागर टाकून पळाली असती. मग एक कचकचीत शिवी हासडली, कुणाला ते त्याचं त्यालाच ठाऊक, आणि एका हातानं फळा पुसून काढला. कोपऱ्यात बारीक अक्षरात रक्षाविसर्जनाची ओळ पुन्हा लिहिली, पिवळ्यानंच. उरलेल्या जागेत पांढरा खडू घेऊन दिवसाची बातमी टाकली.

'आज सकाळपासून लाइट येणार नाही. बोर्डाचे काम आहे.'

लिहून झाल्यावर तो जरा मागं सरला, वाचलं, आणि बोर्डालाही एक शिवी घातली.