खरा पल्स कोणता?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्टचा विषय मीच हौसेनं निवडला होता. नको असलेल्या लहरींच्या गोंगाटातून रडारचे छोटे पल्स, म्हणजे क्षणभराचे विद्युत ठोके, ओळखायचे. जोडीला आर्वीजवळच्या रोहणा गावची मैत्रीण. तिला काहीतरी सोपं हवं होतं, आणि हे ती मला रोज ऐकवायची.

आमच्याकडे रडार कुठलं असणार! एक सर्किट ठरावीक वेळानं बारीक पल्स सोडायचं, दुसरं त्यात गोंगाट मिसळायचं, आणि ते सगळं लांबलचक वायरीतून ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर यायचं. पल्स सापडला की लाल दिवा लागायचा. पण निघताना ताठ असलेला पल्स पोचेपर्यंत पसरून आडवा व्हायचा. किती उंच रेघ पल्स मानायची ती मर्यादा खाली ठेवली की कचराही पल्स म्हणून मोजला जाई, वर नेली की पल्सच गायब. त्यात भिंतीपलीकडे वेल्डिंगचं दुकान. तिकडे ठिणगी उडाली की इकडे आमचा दिवा पेटलाच!

सरांना विचारलं, तर म्हणाले, "मर्यादा थोडी वर घ्या." पुढच्या आठवड्यात म्हणाले, "थोडी खाली घ्या." मी वही मिटून बाहेर आले, नाहीतर काहीतरी बोलून बसले असते.

शेवटी मला एक सुचलं. खरा पल्स ठरलेल्या वेळी येतो, कचरा वाटेल तेव्हा. लागोपाठ चारदा त्याच जागी दिसला, तरच मोजायचा. दिवा फसणं कमी झालं. पूर्ण काही थांबलं नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. पडद्यावर अगदी स्वच्छ, सरळ पल्स. परीक्षक खूश. मी टेबलामागे पाहिलं, तर गोंगाटाच्या सर्किटची वायरच काढलेली!

"हे काय केलंस?" मी कुजबुजले.

"चूप राय वं," मैत्रीण म्हणाली. "काऊन डोकं लावून राह्यली? त्यायले चांगलं दिसून राह्यलं ना?"

माझं डोकंच फिरलं. वर्षभर ज्याच्याशी झगडलो तेच हिनं काढून टाकलं होतं. मी वायर जोडली. पडदा गवतासारख्या रेघांनी भरून गेला. दिवा लागला, विझला, मग उगाचच दोनदा लागला.

"यात खरा कोणता?" परीक्षकांनी विचारलं.

मी लागोपाठ चारदा दिसण्याचं समजावू लागले. ते घड्याळाकडे बघत म्हणाले, "आधीचं चांगलं होतं."

 बसस्टँडवर आर्वीच्या गाडीत चढताना मैत्रीण वळली. "तुले वायर जोडाची काय गरज होती?"

निकालात दोघी पास होतो, जेमतेम.