यसवतीने सोडलेली बस

दक्षिणेकडं, एल्पिटियाच्या पलीकडे, दालचिनीच्या मळ्यांमधल्या त्या गावात यसवतीच्या हातच्या सांबोलाला तोड नव्हती. खोबरं तेच, मिरची-कांदा तोच, लिंबूही कुणाच्याही परसातलं. पण तिनं पाट्यावर वाटलं की लोक भात दुसऱ्यांदा मागून घ्यायचे. या कौतुकानंच तिचा घात केला.

दर साली ज्येष्ठातल्या पोसोनच्या पौर्णिमेला गावातून यात्रेची बस निघे. बस ठरवायची, माणसं जमवायची, कुठं किती वेळ थांबायचं ते सांगायचं, हे सगळं तिचे थोरले दीर अरियसेना बघत. थोरला भाऊ म्हणून घरात सगळे त्यांना अय्या म्हणत. बसच्या तोंडाशी नारळाचा तुरा बांधला की गळ्यात शिट्टी अडकवून ते पुढच्या दारात उभे राहत. मागच्या दाराशी तांदळाची पोती, पातेली, खवणी आणि यसवती. लग्न होऊन आली त्या वर्षापासून हे असंच चाललं होतं. अनुराधपूरला पोचलं की बाकीचे फुलांची ताटं घेऊन बोधिवृक्षाकडे जात आणि ही चुलीसाठी तीन दगड शोधायला.

"तू पुढच्या खेपेला बघ हं," अक्का म्हणायची. अक्का म्हणजे अरियसेनांची बायको. तिच्या मनात कपट नव्हतं. चाळीस माणसांना जेवायला लागतं आणि सांबोल करावा तर यसवतीनंच, एवढंच तिचं म्हणणं.

यसवतीचा नवरा नंदसिरी दालचिनी सोलण्यात वाकबगार. पितळी दांड्यानं काठी घासून सुरीच्या एका ओढीत अख्खी साल उतरवायचा. बोलणं मात्र बेतास बात. दिवसाकाठी वीसेक शब्द बोलला तर घरच्यांना वाटे, आज स्वारी खुशीत आहे. मोठ्या भावापुढं तर तेही नाही. दोन्ही मुली सासरी गेल्यावर घरात इतकी शांतता झाली की यसवती कोंबड्यांशी बोलायला लागली.

देशातलं यादवी युद्ध संपून दोन वर्षं झाली त्या साली बस पोलोन्नरुवाला गेली. आदल्या मुक्कामावर खवणीचं पातं यसवतीच्या अंगठ्यात चांगलं रुतलं होतं. अंगठ्याला फडक्याचा हा एवढा बोळा. गल विहाराच्या दगडी मूर्तींपाशी अर्जुनाच्या झाडाखाली चुली मांडल्यावर अक्कानं तिच्या हाताकडं पाहिलं आणि नाइलाजानं म्हणाली, "असल्या हातानं काय खवणार तू. जा, दर्शन घेऊन ये. लवकर ये पण, निदान चव तरी बघ."

यसवती नवऱ्याबरोबर निघाली. उन्हानं तापलेल्या खडकावरून अनवाणी, पाय उचलत उचलत दोघं चढली. एकतीस वर्षांत ती या जागी पाच वेळा आली होती आणि तिला ठाऊक होता तो फक्त इथला नळ.

आडवे झालेले बुद्ध समोर आले तेव्हा ती हात जोडायचीही विसरली. एवढी मोठी मूर्ती, पण तिची नजर गेली उशीवर. डोक्याच्या भारानं उशी जराशी खाली दबली होती. दगडाची उशी. खरा माणूस निजल्यावर दबते तशी.

"अहो," ती हळूच म्हणाली, "उशी दबलीय."

नंदसिरीनं पाहिलं. "हो की."

तेवढ्यात खालून शिट्टी वाजली. मग बसचा भोंगा. जेवणं उरकायची होती, तीनच्या आत पुढं निघायचं होतं. यसवती हलली नाही.

"चल," नंदसिरी म्हणाला.

"माझं बघून झालं नाही."

"अय्या ओरडेल."

"ओरडू दे. तुम्ही जा. मी येते माझी मी."

ती असं बोलेल हे तिलाच ठाऊक नव्हतं. नंदसिरी उतरून गेला. तिला वाटलं, गेले आता भावाकडं, येईल अक्का मला ओढायला. ती एका सावलीला टेकली आणि त्या उशीकडं, एकमेकांवर ठेवलेल्या त्या प्रचंड पावलांकडं बघत बसली. गर्दी येत होती, जात होती. बऱ्याच वेळानं नंदसिरी चढून वर आला. त्याच्या खांद्याला त्यांची कपड्यांची पिशवी होती.

"हे काय?"

"बस गेली," तो म्हणाला.

"आपल्याला टाकून?"

"मीच सांगितलं, जा म्हणून."

"अय्या काय म्हणाले?"

"म्हणाले, मल्ली, धाकट्या, म्हातारपणी बायकोच्या मागं लागलास, आता दक्षिणेची वाट तरी सापडते का बघ."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही. पिशवी काढून घेतली."

यसवतीला हसावं की रडावं कळेना. एकतीस वर्षांत या माणसानं भावाचा शब्द पहिल्यांदा मोडला होता, आणि तोही गुपचूप.

दोघं चालत गावात आली. कुठं जायचं ते दोघांनाही माहीत नव्हतं. पहिली लाल बस आली तिच्यावर त्रिंकोमाली लिहिलं होतं. नंदसिरी चढला आणि वळून तिला हात देत म्हणाला, "तिकडचं मला थोडं ठाऊक आहे."

बसमध्ये शेजारी एक तमिळ बाई मांडीवर फणस घेऊन बसली होती. नंदसिरी तिच्याशी तमिळमध्ये बोलायला लागला. अडखळत, पण हसत, हातवारे करत. यसवती बघतच राहिली.

"तुम्हाला तमिळ येतं?"

"लग्नाआधी चार मोसम होतो ना इकडं. आपल्याकडं समुद्र खवळला की पोरं इकडं रापणीचं जाळं ओढायला यायची."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"तू विचारलं नाहीस," तो म्हणाला, "आणि नंतर ते सांगण्यासारखं राहिलं नाही."

त्या रात्री दोघं यात्रेकरूंच्या विश्रामशाळेत चटईवर निजली. सकाळी त्रिंकोमालीजवळच्या उप्पुवेलीच्या किनाऱ्याला नंदसिरी घरं शोधत हिंडला. निम्म्या घरांना छपरं नव्हती. त्याला कदिरवेल नावाचा माणूस हवा होता. चार मोसम दोघांनी एकाच दोराला हात घातला होता, एका ताटात खाल्लं होतं. दुकानदारानं एका झावळ्यांच्या कुंपणाकडं बोट केलं. तिथं कदिरवेलची बहीण पाक्कियम भेटली. नाव सांगताच तिनं नंदसिरीला वरून खाली न्याहाळलं.

"भात करपवणारा तू?" तिनं विचारलं. नंदसिरीनं ते यसवतीला सिंहलीत सांगितलं आणि यसवती म्हणाली, "तिला सांगा, अजूनही करपवतात."

कदिरवेलला वीस वर्षांपूर्वी एका सकाळी कुणी घेऊन गेलं होतं. परत आला नाही. पाक्कियमनं हे सांगितलं तेव्हा ती चुलीत काटक्या सारत होती आणि तिनं वर पाहिलं नाही. तिनं कोरा चहा दिला, सोबत गुळाचा खडा. दोघी बायका उंबऱ्यावर बसून राहिल्या. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती. पाक्कियमनं यसवतीचा अंगठा हातात घेतला, मळलेलं फडकं सोडलं, हळद भरली आणि स्वच्छ चिंधी बांधली.

दुपारी किनाऱ्यावर रापण ओढत होते. नंदसिरी जरा वेळ उभा राहिला, मग सरोंग वर खोचून दोराला जाऊन भिडला. सुरात सूर मिसळून ओरडू लागला, मागं मागं पावलं टाकू लागला. यसवती वाळूत बसून बघत होती. हा माणूस तिच्या घरात इतकी वर्षं सकाळ-संध्याकाळ जेवला होता. तिच्या मनात आलं, आपल्याला बुद्धाची उशी दिसायला एकतीस वर्षं लागली, आणि यांना नीट बघायलाही तेवढीच.

चार दिवसांनी दोघं घरी पोचली तेव्हा गावात चर्चा झालेली होती. "मधुचंद्राहून आली का जोडी," विहिरीवर बायका विचारायच्या. यसवती बादली भरत म्हणायची, "आली. पुढच्या साली पुन्हा जाणार आहे. तुम्हाला काही मागवायचं असेल तर सांगा."

आणि खरंच गेली. पुढच्या साली पार उत्तरेला याल्पाणम, त्याच्या पुढं हपुतळेचा डोंगर, नंतर मन्नार. कधी बस चुकली, कधी भलत्याच गावी उतरली. एकदा तर तणमल्विलेला दोघं चांगलीच भांडली आणि वेगवेगळ्या बाकांवर बसली. पण बस एकच होती, करतात काय. दर दोन वर्षांनी उप्पुवेलीला मात्र जायचंच. नंदसिरी सोललेल्या दालचिनीची जुडी नेई, पाक्कियम सुकी मासळी बांधून देई. यसवती पाच-पंचवीस तमिळ शब्द शिकली. त्यातले निम्मे स्वयंपाकाचे होते.

अरियसेना मात्र दोन वर्षं भावाशी बोलले नाहीत. गावच्या बसला सांबोल दुसरीनं केला. लोकांनी खाल्ला आणि काही कुणी मेलं नाही. मग तरुण मंडळी आपापल्या व्हॅन काढायला लागली आणि माणसंच जमेनात. शिट्टी घरात खिळ्याला लटकून राहिली.

एका सकाळी अरियसेना ओसरीवर आले. नंदसिरी मळ्यात गेला होता. बराच वेळ पावसाचं, मिरवेलींचं बोलणं झालं. यसवतीनं चहा आणून ठेवला. त्यांनी कपाकडं बघत विचारलं, "महियंगणला जायचं तर बस कुठं बदलायची?"

"तुम्हाला ठाऊक नाही, अय्या? तीस वर्षं तुम्हीच तर न्यायचात सगळ्यांना."

"वाट ड्रायव्हरला ठाऊक असायची," ते म्हणाले. "अक्का म्हणते, एकदा आपण दोघंच जाऊ. तिचे गुडघे अजून चालतायत तोवर."

यसवतीला टोमणा मारायची संधी होती. तिनं नातवाच्या वहीचा कागद फाडला, महनुवरच्या बसस्थानकात कुठल्या फलाटावर उभं राहायचं, कुठली बस धरायची नाही, खिडकीची जागा कुठल्या बाजूची घ्यायची म्हणजे ऊन लागत नाही, ते मोठ्या अक्षरात लिहून दिलं. अरियसेनांनी कागदाची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली.

गेली ती दोघं. कागद असूनही चुकीच्या बसमध्ये चढली आणि महियंगणऐवजी बदुल्लाला पोचली. अक्का परत आल्यावर आठवडाभर ज्याला त्याला तिथल्या धबधब्याचं सांगत होती. यसवतीकडं येऊन तिनं तेच दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा यसवतीनं सगळं पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकलं.