भावकीचं दळण

पिंपळनेरजवळच्या आमच्या गावात आईने महिला गटाचं कर्ज काढून घरघंटी आणली. निंदणी करून तिची कंबर धरायची. घरबसल्या चार पैसे मिळाले तर शेतमजुरी सुटेल, एवढीच तिची आशा. मी धुळ्याला कॉलेजात होते. घरातली शिकलेली मीच, म्हणून तिने मला विचारलं. मी "घे" म्हणाले. खरं तर मला त्यातलं फारसं कळत नव्हतं.

सुट्टीत घरी आले तेव्हा घरघंटी चालू होती, पण आई घरात नव्हती. शेजारची चुलतकाकू स्वतःच बटण दाबून बाजरी दळत होती. मला पाहून हसत म्हणाली, "कालेजनी पोर उनी, आते हिशोब करी."

आई संध्याकाळी आली, निंदणीहून. हप्ता भरायला ती अजूनही मजुरीलाच जात होती. आमची सगळी गल्ली भावकीची. मी पैशांचं विचारलं तर म्हणाली, "भावकीकडथीन दयनना पैसा कसा लेवाना? उद्या लगीनमा तोंड कसं दखाडू?"

पुढच्याच आठवड्यात तिला ताप आला, मजुरी बुडाली आणि गटाच्या बैठकीत तिचा हप्ता कमी पडला. गटाचा नियम असा की, एकीचं कमी पडलं तर बाकीच्यांनी भरायचं. तोवर बैठकीतून कोणी उठायचं नाही. वसुलीचे साहेब वही मिटून बसून राहिले. शेवटी गटातल्याच चुलतकाकूने कनवटीचे पैसे काढले, मग इतरांनीही.

"फुकटनं दयन महाग पडनं व माय," काकू म्हणाली. सगळ्या हसल्या. आईने मात्र मान वर केली नाही. घरी आल्यावर ती जेवलीही नाही.

दुसऱ्या दिवशी काकू दळण घेऊन आली. पीठ डब्यात भरून झाल्यावर तिने घरघंटीच्या झाकणावर सुटे पैसे ठेवले.

"मांगे ले," आई म्हणाली.

"हाऊ पैसा मशीनना शे, तुना नही," म्हणत काकू डबा उचलून निघूनही गेली.

आई बराच वेळ त्या पैशांना हात लावेना. पण हळूहळू बाकीच्याही तसंच ठेवून जाऊ लागल्या. मजुरी सुटली असं मी म्हणणार नाही. एवढंच की, पुढे एका आठवड्यात कंबर दुखत होती तेव्हा आईने निंदणीला खाडा केला, आणि हप्ता तरीही भरला.